टेक्निकल कम्युनिकेशनमधलं करिअर (कोकण)

यंत्र, रसायन, सॉफ्टवेअर किंवा एखादी पद्धत वापरणाऱ्याला नीट वापरता यावी म्हणून मॅन्युअल, एसओपी (काम कसं करायचं त्याची ठरलेली कार्यपद्धती), मदतपानं, इशारे वगैरे लिहिण्याचा व्यवसाय. कोकण किनाऱ्यावर हे काम पूर्वीपासून आहे, फक्त पगाराच्या स्लिपवर हे नाव क्वचित दिसतं. तिथे डॉक्युमेंटेशन, क्यूए (गुणवत्ता हमी), सेफ्टी असं काहीतरी लिहिलेलं असतं.

व्यवसायाची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. एक मत थेट इंग्रज कवी चॉसरपर्यंत जातं: त्याने साधारण १३९१ च्या सुमाराला ॲस्ट्रोलेब (ताऱ्यांची स्थिती मोजायचं जुनं उपकरण) कसं वापरायचं ते लिहिलं, तेही दहा वर्षांच्या मुलासाठी, आणि मुलाला लॅटिन फारसं येत नाही म्हणून इंग्रजीत. वाचणारा कोण ते आधी ठरवून लिहिलं, म्हणून हे मत मांडणाऱ्यांना तो पहिला टेक्निकल रायटर वाटतो. दुसरं मत १९४९ चं, बायनॅक कॉम्प्युटरचं मॅन्युअल लिहिणाऱ्या जोसेफ चॅपलाइनला हा मान देणारं. पण एकट्यादुकट्याने केलेलं लेखन आणि पगारी पेशा यांत फरक आहे. तो फरक धरला तर दुसऱ्या महायुद्धात विमानं, रडार, तोफा नवख्या पोरांच्या हाती द्यायची वेळ आली तेव्हा हा पेशा उभा राहिला हे तिसरं मत जास्त पटतं, आणि अमेरिकेत लेखकांच्या संघटना १९५३ च्या आसपास निघाल्या हेही त्याच्याशी जुळतं. त्यांच्यातूनच पुढे सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन झाली (हे नाव १९७१ पासून), ती जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली. त्यामुळे संस्थेचं सर्टिफिकेट घेऊन करिअर करायचा जुना सल्ला आता जपूनच घ्यावा.

साधनांमध्ये डिटा आधी, म्हणजे मजकूर तुकड्यांत रचण्याची एक पद्धत. आयबीएमने बनवलेली ही पद्धत ओॲसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेकडे गेली आणि २००५ मध्ये स्टँडर्ड झाली. मजकूर लहान तुकड्यांत लिहायचा आणि तोच तुकडा दहा ठिकाणी वापरायचा, एवढं कळलं की पुढचं सॉफ्टवेअर शिकता येतं. विमान उद्योगातलं सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश सूचनेच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा घालतं आणि शक्यतो एका वाक्यात एकच सूचना मागतं. नियम इंग्रजीसाठी आहेत, पण शिस्त मराठीतही चालते. ‘प्रेशर शून्यावर आल्याची खात्री करून व व्हॉल्व्ह बंद असल्याचे पाहून मॅनहोल उघडण्यात यावे’ असं लिहिलं तर नाइट शिफ्टचा ऑपरेटर शेवटचे दोन शब्दच वाचतो. त्याऐवजी ‘व्हॉल्व्ह बंद करा. गेजवर प्रेशर शून्य आलंय का बघा. मगच मॅनहोल उघडा.’

लोटे, महाड, रोहा इथल्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांत हेच काम रोज लागतं. प्रत्येक घातक रसायनामागे १६ विभागांची सेफ्टी डेटा शीट (त्याचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद), शिवाय एसओपी, औषध कंपनी असेल तर बॅच रेकॉर्ड (प्रत्येक बॅच कशी बनवली त्याची नोंद). केमिस्ट्रीत बीएस्सी झालेली पोरं लॅबमधून याच टेबलावर येतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. वास्तविक तिथून पुढे जायला पोर्टफोलिओ (आपल्या कामाचे नमुने) लागतो, आणि कंपनीची कागदपत्रं बाहेर दाखवता येत नाहीत म्हणून नमुने स्वतःच लिहावे लागतात, ओपन सोर्स (सगळ्यांना खुल्या सॉफ्टवेअरच्या) प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हातभार लावणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग. लोणेरेच्या विद्यापीठातून किंवा रत्नागिरीतून इंजिनिअर झालेले बरेचसे मुंबई-पुण्याला चाकरमानी होतात, सॉफ्टवेअरमधलं हे काम तिकडेच जास्त. घरून काम मिळालं तरी पावसाळ्यात लाइट आणि नेटवर्कचं गणित आधी जमवावं लागतं.

शेती-मासेमारीतली संधी मात्र कुणी फारशी मोजत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची (स्थापना १९७२) हापूसला पॅक्लोब्युट्राझोल (मोहर यावा म्हणून देतात ते रसायन) द्यायची शिफारस बघा: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम सक्रिय घटक. बागायतदाराच्या हातात ग्रॅम नसतो, बाटली असते, आणि मीटर खोडाचा की फांद्यांचा हेच त्याला आधी विचारायचं असतं. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजा, सरासरी काढा, मग या बाटलीतलं एवढे मिली, असं चित्रासह लिहून देणारा माणूस म्हणजेच टेक्निकल कम्युनिकेटर. तसंच हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासे कुठे मिळतील याचा अंदाज मराठीतही येतो, त्यात दिशा, अंतर किलोमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये. हर्णै-मिरकरवाडा बंदरांतला जुना तांडेल (होडीचा म्होरक्या) खोली वावात सांगतो, एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर. ३६ मीटर लिहिलं की कंसात २० वाव टाकणं, हे या पेशातलं अगदी पहिल्या दिवशीचं काम.