लिब्रे ऑफिस म्हणजे ‘क्रॅक’ कॉपी नव्हे

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ऑफिसांत आणि वाशी-तुर्भ्याच्या गाळ्यांत एक समज घट्ट बसलाय: लिब्रे ऑफिस असो (पत्रं नि हिशेबाचे तक्ते करायचं फुकट सॉफ्टवेअर) की दुसरं काही, पैसे न मोजता घेतलेलं सॉफ्टवेअर चोरीचंच, धंद्यात वापरलं की दंड. साफ चूक.

चोरी ठरते ती क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली, एमएस ऑफिसची कॉपी. एमएस ऑफिसचा कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) बंद आणि वापराचा परवाना विकत घ्यावा लागतो. २०१० साली सुरू झालेल्या लिब्रे ऑफिसला मोझिला पब्लिक लायसन्स २.० हा खुला परवाना आहे. कितीही कॉम्प्युटरवर टाका, धंद्यात वापरा, कोड वाचा, बदला. बदललेली प्रत बाहेर वाटलीत, तरच त्या बदललेल्या फायलींचा कोड खुला ठेवायचा.

खरी अडचण वेगळीच. पत्राची फाइल आपोआप ओडीटी या लिब्रे ऑफिसच्या नेहमीच्या प्रकारात सेव्ह होते आणि समोरच्याकडे कधीकधी नीट उघडत नाही. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरलमध्ये जाऊन वर्डचा प्रकार कायमचा निवडा. मेंटेनन्सच्या एक्सेल शीटमधले मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) सगळे चालतीलच असं नाही, म्हणून आधी कॉपीवर तपासा. जुनी मराठी नोटीस उघडल्यावर ‘¸ÉäÉ’ असली गिचमिड दिसली, तर दोष लिब्रे ऑफिसचा नाही. त्या नोटिशीचा जुना फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांचा, नाही. तो मशीनवर नसेल तर वर्डमध्येही हेच दिसेल.