त्र्यंबकचं पाणी दोन समुद्रांना का जातं?

डोंगर, पठार, कडा, नदी, संगम यांच्या व्याख्या शाळेच्या भूगोलात पाठ होतात. नाशिक जिल्ह्यात हे सगळं एका दिवसात डोळ्यांनी बघता येतं. समुद्र तेवढा इथे नाही, पण त्याचाही उल्लेख नाशिकजवळच्या पांडवलेण्याच्या दगडात आहे.

या भूभागाची घडण सुरू झाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला, दूरवर पसरला, थिजला. त्यावर पुढचा थर बसला. असं होत होत दख्खनचं पठार उभं राहिलं. थर सारखे नव्हते. काही घट्ट काळ्या पाषाणाचे, तर काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. मऊ थर झिजून उतार झाले आणि कठीण थरांचे सरळ कडे राहिले. अंजनेरी, धोडप, साल्हेर यांच्या अंगावरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे हेच थर. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजं विरघळलेलं पाणी झिरपून स्फटिक वाढले; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते जरूर बघावेत.

सह्याद्रीची धार जिल्ह्याच्या पश्चिमेकडून जाते. धारेच्या एका अंगाला कोकणात कोसळणारे कडे, दुसऱ्या अंगाला पूर्वेकडे सावकाश उतरत जाणारं पठार. म्हणून त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगवणारी वैतरणा मात्र पश्चिमेला जाते. पार आणि दमणगंगाही याच जिल्ह्यात उगम पावून गुजरातच्या बाजूने अरबी समुद्र गाठतात.

या नद्यांची नोंद किती जुनी आहे ते पांडवलेण्यात कळतं. दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांना विनामूल्य पार नेणाऱ्या नावा ठेवल्याचं त्यात कोरलं आहे. पारदा म्हणजे आपली पार, दमणा म्हणजे दमणगंगा. तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख तर मला फार मोलाचा वाटतो. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला हा लेख तिच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करतो. त्यात सह्य, विंध्य, पारियात्र, मलय, महेंद्र अशी पर्वतांची ओळ येते आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्याल्याचंही येतं. राजाची थोरवी सांगायला त्या माउलीने डोंगर आणि समुद्र मोजले. भूगोलाचा पहिला तास त्या ओसरीत व्हावा, असं मनापासून वाटतं.

पाणी साठण्याच्या जागा मात्र बऱ्याचशा माणसाने घडवलेल्या. गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरला बंधारा घातला, गाळ साचत गेला, बेटं आणि पाणथळ तयार झालं, पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं.

धारेवरचा पाऊस पूर्वेला पुरेसा पोचत नाही. इगतपुरी भिजते आणि सिन्नर, येवला, नांदगाव टँकरची वाट बघतात. म्हणून पश्चिमेकडचं पाणी गोदावरीत आणणाऱ्या दमणगंगा-वैतरणा-गोदावरी नदीजोडाची योजना पुढे आली. पश्चिमवाहिनी नद्यांची पात्रं कड्यांच्या तळाशी खोल गेलेली असल्याने त्यांचं बरंचसं पाणी उपसूनच धारेवर चढवावं लागेल.