स्वच्छ हातांचं तत्त्व (क्लीन हँड्स)

जो कोर्टाकडे दाद मागायला येतो त्याचेच हात त्या व्यवहारात बरबटलेले असतील तर कोर्ट त्याला मदत करत नाही, याला स्वच्छ हातांचं तत्त्व म्हणतात, वकील मंडळी सरळ 'क्लीन हँड्स' म्हणतात.

याचं मूळ इंग्लंडच्या चान्सरी कोर्टात आहे. साध्या कोर्टात नियमावर बोट ठेवून न्याय अडायचा तेव्हा लोक चान्सलरकडे (राजाचा मोठा मंत्री, चान्सरी कोर्टाचा प्रमुख) जायचे, आणि तिथला दिलासा हक्क म्हणून नाही तर कोर्टाला योग्य वाटलं तर मिळायचा, मग मागणारा स्वतः कसा वागलाय हे बघणं आलंच.

आपल्याकडे हे रोज दिसतं ते मनाई हुकुमात. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 41 मध्ये स्पष्ट आहे की वादीचं वागणं मदतीला अपात्र ठरवणारं असेल तर मनाई देता येत नाही. समजा एखाद्याने जमिनीच्या दाव्यात जुना सातबारा जोडला, मधला फेरफार लपवला आणि घाईने एकतर्फी मनाई घेतली, तर समोरच्याने तो फेरफार दाखल केला की मनाई उठू शकते, मग मूळ दाव्यात थोडाफार दम असला तरी. हायकोर्टात रिट (सरकारच्या कृतीविरुद्धचा अर्ज) करतानाही तसंच, सगळं खरं आधी सांगायचं, अडचणीचं असलं तरी.

सुप्रीम कोर्टाचा चेंगलवराया नायडू खटल्याचा 1993 चा निकाल तर प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. वादी एका सावकाराकडे कारकून, त्याने कोर्टाच्या लिलावात मालमत्ता घेतली ती सावकारासाठी, आणि 1945 मध्ये रजिस्टर हक्कसोड पत्र करून स्वतःचा हक्क सोडूनही दिला. पुढे तोच माणूस त्या पत्राबद्दल चकार शब्द न काढता वाटपाचा दावा लावतो आणि प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा) मिळवतो. पुढे प्रत्यक्ष वाटणीच्या अंतिम हुकूमनाम्याच्या वेळी प्रतिवादींना पत्राचा पत्ता लागला. मद्रास हायकोर्ट म्हणालं, खरी केस घेऊनच यायचं असं कायदेशीर बंधन वादीवर नाही, पत्र रजिस्टर होतं, प्रतिवादींनीच नक्कल काढायला हवी होती. सुप्रीम कोर्टाने हे साफ खोडून काढलं, महत्त्वाचा कागद दडवणं ही कोर्टाची आणि समोरच्याची फसवणूक आहे आणि खोट्यावर उभ्या माणसाला कुठल्याही टप्प्यावर बाहेर काढता येतं असं सांगितलं. माझ्या मते हेच बरोबर, नाहीतर ज्याला कागद शोधायला पैसा आणि वकील परवडत नाही तोच मरतो.

पण हे तत्त्व चारित्र्याचा दाखला नाही, आणि इथेच लोक हमखास गल्लत करतात. वादी दारू पितो, शेजाऱ्यांशी भांडतो, याने काही होत नाही, गैरवागणुकीचा मागितलेल्या दिलाशाशी थेट संबंध लागतो. हे इंग्लंडमध्ये 1787 मध्येच डेरिंग विरुद्ध अर्ल ऑफ विंचेल्सी खटल्यात ठरलं. कस्टमचा पैसा गोळा करणाऱ्या थॉमस डेरिंगला तीन जामीनदार होते, म्हणजे त्याने पैसा भरला नाही तर आम्ही भरू अशी हमी देणारे; तो पैसा भरू शकला नाही आणि वसुली त्या तिघांपैकी एक असलेल्या त्याच्या भावावर आली. भावाने बाकी दोघांकडे वाटा मागितला, तर ते म्हणाले, जुगाराला तूच त्याला चिथावलंस. न्यायाधीश एअर यांनी मान्य केलं की हात स्वच्छ हवेत, पण दोष हा मागणीशी थेट आणि अपरिहार्यपणे जोडलेला हवा, नुसता वाईटपणा पुरत नाही. त्याने थॉमसला जुगाराला चिथावलं असेल, पण जामिनाच्या रकमेतला बाकी दोघांचा वाटा त्याला मिळाला.