स्त्रीवादी आर्थिक न्याय चळवळ

वेतन, मालमत्ता, कर, कर्ज आणि घरातील श्रम या व्यवहारांत स्त्रियांच्या वाट्याला येणारे दुय्यमत्व समाजाने घडवलेले आहे आणि म्हणून ते बदलता येते, या भूमिकेतून जगाच्या निरनिराळ्या भागांत उभ्या राहिलेल्या संघटित प्रयत्नांना मिळून ही संज्ञा वापरली जाते. एकच संघटना, एकच जाहीरनामा किंवा एकच नेतृत्व या चळवळीला कधीच नव्हते. तिचे दोन प्रवाह ठळक दिसतात. एक मजुरीच्या कामातील समानतेसाठी झगडणारा आणि दुसरा ज्या कामाला मजुरीच मिळत नाही ते काम हिशेबात आणू पाहणारा. अभ्यासक हे प्रवाह बहुधा वेगवेगळे मांडतात. वस्तुतः ‘काम कशाला म्हणायचे आणि ते मोजायचे कोणी’ हा एकच प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे. प्रस्तुत नोंदीत मताधिकाराच्या लढ्याचा विचार आनुषंगिक तेवढाच केला आहे.

पूर्वपीठिका : फ्लोरा त्रिस्तान हिने १८४३ मध्ये फ्रान्समधील कामगारांच्या एकजुटीची योजना मांडली, तिच्यात स्त्रियांच्या हक्कांना स्वतंत्र स्थान होते. पुढे ऑगस्ट बेबेल (१८७९) आणि फ्रीड्रिख एंगेल्स (१८८४) यांनी स्त्रीच्या पारतंत्र्याचा संबंध खाजगी मालमत्तेशी जोडला. शार्लट पर्किन्स गिलमन हिने १८९८ मध्ये स्त्रीच्या आर्थिक परावलंबनावरच बोट ठेवले आणि स्वयंपाक व बालसंगोपन घराबाहेरच्या व्यवस्थेकडे सोपवावे असे सुचवले.

८ मार्चचा उगम : या चळवळीचा सर्वांत परिचित दिवस असलेल्या ८ मार्चच्या उगमाबद्दल आजही चुकीची माहिती छापली जाते, म्हणून त्याची चर्चा थोड्या विस्ताराने करणे आवश्यक आहे. ‘८ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कमधील कापड कारखान्यांतील स्त्री-कामगारांनी मोर्चा काढला, पोलिसांनी तो मोडला आणि त्याच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो’ असा मजकूर अनेक पुस्तिकांत व भाषणांत आढळतो. लिलियान कांदेल आणि फ्रान्स्वाज पिक या फ्रेंच संशोधिकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी या कथेचा माग काढला. समकालीन वृत्तपत्रांत किंवा कामगार संघटनांच्या कागदपत्रांत अशा मोर्चाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. ही कथा प्रथम दिसते ती १९५५ च्या सुमारास, फ्रेंच कम्युनिस्ट वर्तुळातील लेखनात. या दिवसाचे नाते सोव्हिएत इतिहासापासून सैल करून त्याला अधिक जुना आणि अधिक ‘स्वयंस्फूर्त’ जन्म देण्याचा हा प्रयत्न असावा, असा त्यांचा तर्क आहे. या दिवसाच्या कल्पनेशी जिचे नाव जोडले जाते त्या जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेट्किन हिचे जन्मवर्षही १८५७ हेच आहे. या योगायोगाकडेही लक्ष वेधले गेले आहे, मात्र त्यावरून काही सिद्ध होते असे म्हणता येत नाही.

कागदोपत्री सापडणारा क्रम असा आहे. अमेरिकेतील समाजवादी पक्षाने २८ फेब्रुवारी १९०९ रोजी ‘राष्ट्रीय महिला दिन’ पाळला. त्यामागे तेरेसा माल्किएल या शिलाई कामगारांत काम केलेल्या कार्यकर्तीचा पुढाकार होता. ऑगस्ट १९१० मध्ये कोपनहेगन येथे भरलेल्या समाजवादी स्त्रियांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असा दिवस दरवर्षी पाळावा असा ठराव झाला. त्याचे श्रेय सर्वत्र झेट्किनला दिले जाते, परंतु तिच्याबरोबर लुईजे त्सीत्स या जर्मन समाजवादी कार्यकर्तीचाही या ठरावात महत्त्वाचा वाटा होता. ठरावात तारीख नव्हती. १९११ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क व स्वित्झर्लंड येथे तो १९ मार्चला पाळला गेला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २५ मार्च १९११ रोजी, न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मरण पावले. त्यांत १२३ स्त्रिया होत्या आणि बहुतेक स्थलांतरित तरुण मुली होत्या. बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. ही आग महिला दिनाचे कारण नव्हे, कारण दिवस आधीच सुरू झाला होता. या दोन्ही घटनांची गल्लतही वारंवार होते.

८ मार्च ही तारीख पक्की झाली ती रशियातील घटनांमुळे. १९१७ साली त्या दिवशी (जुन्या रशियन पंचांगानुसार २३ फेब्रुवारी) पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतील बायका पावासाठी रांगा लावून थकल्या होत्या. त्या गिरण्या सोडून बाहेर पडल्या आणि शेजारच्या धातू कारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून त्यांनी पुरुष कामगारांना हाका घातल्या, असे वर्णन आढळते. आठवडाभरात झारने सिंहासन सोडले. १९२१ मध्ये मॉस्को येथील कम्युनिस्ट स्त्रियांच्या परिषदेत हीच तारीख ठरवण्यात आली. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस १९७५ पासून पाळण्यास सुरुवात केली. आजच्या शुभेच्छांच्या गर्दीत हा मजुरीचा आणि भाकरीचा इतिहास झाकला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

वसाहतींतील उठाव : युरोप-अमेरिकेबाहेरच्या लढ्यांची नोंद बहुधा राज्यकर्त्यांच्या दफ्तरांतून आलेली असल्यामुळे ती नावापासूनच तपासून घ्यावी लागते. नोव्हेंबर १९२९ मध्ये आग्नेय नायजेरियातील ओलोको गावी न्वान्येरुवा नावाची स्त्री पाम तेल काढत होती. माणसे आणि जनावरे यांची मोजणी करणारा एक जण तेथे आला आणि त्याने तिला तिच्या शेळ्या-मेंढ्या व घरातील माणसे मोजायला सांगितले. ‘तुझ्या आईची कधी मोजणी झाली होती का?’ अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. पुरुषांवर कर बसला त्याआधी अशीच मोजणी झाली होती, हे गावातील बायकांना आठवत होते. पामच्या झावळ्या निरोपादाखल गावोगाव फिरल्या आणि इग्बो व इबिबिओ या स्थानिक समाजांतील हजारो स्त्रिया सरकारनियुक्त प्रमुखांच्या दारांशी जमल्या. गोळीबारात ५० हून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. ब्रिटिश दफ्तरात याला ‘अबाची दंगल’ म्हटले आहे, तर इग्बो भाषेत ‘स्त्रियांचे युद्ध’ या अर्थाचे नाव रूढ आहे. संघटनाची रीत आणि मागणीची स्पष्टता पाहता दुसरे नावच ग्राह्य धरावे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अबेओकुटा येथे फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली बाजारातील विक्रेत्या स्त्रियांनीही कराविरुद्ध लढा दिला.

समान वेतन : ‘समान कामाला समान वेतन’ आणि ‘समान मूल्याच्या कामाला समान वेतन’ या दोन घोषणा सारख्या वाटल्या तरी त्यांतील फरक मोठा आहे. पहिलीत स्त्री आणि पुरुष तेच काम करीत असले पाहिजेत. पण जेथे स्त्रियांना मुळात वेगळीच कामे दिली जातात तेथे तुलनेला पुरुषच सापडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या करार क्र. १०० मध्ये म्हणूनच दुसरे सूत्र स्वीकारले आहे.

हा फरक इंग्लंडमधील डॅगनम येथील फोर्ड कारखान्यात उघड झाला. मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या १८७ स्त्रियांचे काम कमी कौशल्याच्या श्रेणीत टाकण्यात आले होते आणि त्या श्रेणीतील पुरुषांच्या दराच्या ८५ टक्केच मजुरी त्यांना मिळत असे. जून १९६८ मध्ये त्यांनी संप केला. आवरणांवाचून मोटारी पुऱ्या होईनात आणि तीन आठवड्यांत उत्पादन ठप्प झाले. मंत्री बार्बरा कासल यांच्या मध्यस्थीने मजुरी पुरुषांच्या दराच्या ९२ टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. १९७० चा समान वेतन कायदा या संपाचे फलित मानला जातो. परंतु शिवणकाम हे कुशल काम आहे ही त्या स्त्रियांची मूळ मागणी होती. ती मान्य झाली १९८४ मध्ये, आणखी एका संपानंतर. कायद्याचे श्रेय सांगताना ही सोळा वर्षे सहसा गाळली जातात.

२४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरी, स्वयंपाक आणि मुलांची देखभाल अशी सर्वच कामे एक दिवस थांबवली. ‘संप’ हा शब्द अनेकींना जहाल वाटला, म्हणून ‘स्त्रियांची सुट्टी’ असे नाव देऊन सर्व पक्षांच्या स्त्रियांना एकत्र आणण्यात आले. मासळीचे कारखाने, शाळा, टेलिफोन केंद्रे यांचे कामकाज बंद पडले किंवा रेंगाळले. वडील मुलांना घेऊन कचेरीत गेले. रेडिओवर बातम्या सुरू असताना मागे मुलांचे खेळणे ऐकू येत होते आणि दुकानांतील झटपट शिजणारे सॉसेज संपले होते. रेक्याविकच्या चौकात सुमारे २५,००० स्त्रिया जमल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २,२०,००० होती. पुढील वर्षी समानतेचा कायदा झाला आणि १९८० मध्ये विगदिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या.

घरकाम आणि राष्ट्रीय उत्पन्न : एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतच दाखवली होती. त्यांनी ती नोंदवली आणि तशीच ठेवली. मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये त्यावर कसोटी दिली : जे काम पैसे देऊन तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेता येते ते उत्पादक होय. स्वयंपाक या कसोटीला उतरतो, जेवण उतरत नाही, कारण आपल्यासाठी दुसऱ्याला जेवता येत नाही. कालवापर पाहण्यांत (लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात हे मोजणाऱ्या पाहण्यांत) ही कसोटी आजही वापरली जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९५३ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीने (राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या नियमावलीने) मात्र गृहिणींच्या सेवा उत्पादनाच्या सीमारेषेबाहेर, म्हणजे उत्पादन म्हणून मोजायच्या कामांबाहेर, ठेवल्या. १९९३ च्या सुधारित आवृत्तीत घरच्या वापरासाठी निर्माण केलेल्या वस्तू आत घेण्यात आल्या, सेवा बाहेरच राहिल्या. याचा प्रत्यक्ष अर्थ असा की, स्त्रीने डोक्यावरून आणलेला पाण्याचा हंडा आणि सरपणाची मोळी तत्त्वतः उत्पादनात धरली जाते. त्याच पाण्यात, त्याच सरपणावर तिने भात शिजवला की तो धरला जात नाही. आजाऱ्याला भरवणे, मुलाला न्हाऊ घालणे हेही नाही. न्यूझीलंडच्या संसद सदस्य राहिलेल्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये या पद्धतीवर केलेली टीका आजही सर्वांत परिणामकारक मानावी लागेल. सीमारेषा अशीच का, याला त्यांनी मागितलेले उत्तर केवळ सोयीचे नको, तत्त्वाचे हवे होते. २०१३ मध्ये श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘काम’ या संज्ञेत विनामोबदला घरकामाचा समावेश केला, पण ‘रोजगार’ या संज्ञेत केला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगात रोज १६.४ अब्ज तास असे विनामोबदला काम होते आणि त्याचा ७६.२ टक्के भार स्त्रिया वाहतात.

‘घरकामाला वेतन’ : ही मागणी १९७२ मध्ये इटलीतील पादुआ येथे जमलेल्या कार्यकर्त्यांनी आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडली. मारियारोसा दल्ला कोस्ता, सेल्मा जेम्स, सिल्विया फेडेरिची आणि ब्रिजित गाल्तिए ही चार नावे प्रामुख्याने घेतली जातात. मूळ कल्पना कोणाची यावर पुढे मतभेद झाले, ते चळवळीच्या आशयाच्या दृष्टीने गौण आहेत. खरा वाद मागणीच्या परिणामाविषयी होता. वेतनामुळे घरकाम ‘काम’ म्हणून दिसू लागेल आणि मगच ते नाकारता येईल, असे समर्थकांचे म्हणणे होते. वेतन दिल्याने स्त्री चुलीशीच बांधली जाईल, असे विरोधकांचे मत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत अँजेला डेव्हिस यांनी १९८१ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला : काळ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या परक्या घरांत वेतन घेऊन घरकाम करीत आल्या आहेत आणि त्या वेतनाने त्यांची मुक्तता झालेली नाही. हा आक्षेप वजनदार आहे. तरीही घरकामाला अर्थशास्त्राच्या चर्चेत आणण्याचे श्रेय या मागणीला द्यावेच लागते. व्हेनेझुएलाच्या १९९९ च्या राज्यघटनेतील कलम ८८ ने घरकामाला आर्थिक कार्य म्हणून मान्यता दिली.

दक्षिणेकडील (विकसनशील) देश : १९७२ मध्ये अहमदाबाद येथे इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना स्थापन केली तेव्हा, मालक नसेल तर कामगार संघटना कशी, हा नोंदणी अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. संघटना एकजुटीसाठी असते, त्यासाठी समोर मालक असावाच लागतो असे नाही, ही भट्ट यांची बाजू अखेर मान्य झाली. १९७४ मध्ये ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये भांडवल घालून बँक उभी केली. घरी बसून मजुरीचे काम करणाऱ्या कामगारांविषयीच्या १९९६ च्या आंतरराष्ट्रीय करारामागे याच संघटनेचा पाठपुरावा होता.

१९८० च्या दशकातील कर्जसंकटानंतर अनेक देशांनी दवाखाने, शाळा आणि अन्न-अनुदान यांवरील खर्च कापला. जे काम सरकारने सोडले ते घरातील बायकांच्या अंगावर पडले. १९८४ मध्ये बंगळूर येथील बैठकीतून आकाराला आलेल्या ‘डॉन’ या स्त्री-अभ्यासकांच्या जाळ्याने पुढील वर्षी नैरोबीच्या जागतिक परिषदेत ही मांडणी केली. देवकी जैन व गीता सेन यांचा त्यात वाटा होता. स्त्रियांना ‘विकासात सामावून घ्या’ या तोवरच्या धोरणाला, विकास कोणता, हा प्रतिप्रश्न येथून मिळाला.

अलीकडील घडामोडी : क्वेबेकमध्ये १९९५ साली गरिबीविरुद्ध निघालेल्या स्त्रियांच्या दहा दिवसांच्या पदयात्रेतून २००० ची जागतिक महिला पदयात्रा उभी राहिली. पगारी घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्र. १८९ हा २०११ मध्ये संमत झाला आणि उरुग्वे हा तो मंजूर करणारा पहिला देश ठरला. त्याच देशाने २०१५ मध्ये बालके, वृद्ध व अपंग यांच्या देखभालीची राष्ट्रीय व्यवस्था कायद्याने उभारली. पोलंड व अर्जेंटिना येथील स्त्रियांच्या २०१६ च्या निदर्शनांनंतर ८ मार्च २०१७ पासून संपाचे हत्यार पुन्हा आंतरराष्ट्रीय झाले. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी आइसलँडच्या स्त्रियांनी पुन्हा दिवसभर काम थांबवले. तत्कालीन पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर त्यात सहभागी होत्या. १९७५ मध्ये टाळलेला ‘संप’ हा शब्द या वेळी नावातच होता.