फोन कोणी ठेवला?

२००२च्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या आमच्या घरी इंटरनेट दहा-बारा मिनिटांच्या वर टिकत नव्हतं. संगणकाची माहिती सुरांत बदलून फोनच्या तारेवरून पाठवणाऱ्या मॉडेमची किणकिण, मग खरखर, मग शांतता, जोडणी झाली म्हणावं तोवर तुटलेली. संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती, त्यामुळे येणारा-जाणारा सांगायचा, "ते लिनक्स काढून टाका." मला ते पटत नव्हतं, कारण लिनक्स एक गोष्ट न विचारता लिहून ठेवतं: फोन कोणी ठेवला.

डायल-अपवर, म्हणजे फोन लावून जोडलेल्या इंटरनेटवर, पलीकडे इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरशी बोलणी करतो तो पीपीपीडी नावाचा प्रोग्रॅम. त्याच्या नोंदी बहुधा मेसेजेस नावाच्या लॉग फाईलमध्ये जातात. जोडणी तुटली की आधी तिथल्या शेवटच्या चार-पाच ओळी वाचाव्यात. ‘मॉडेम हँगअप’ दिसलं, तर मॉडेमला पलीकडचा सूरच ऐकू येईनासा झाला. दोष तारेत किंवा मॉडेममध्ये शोधायचा. ‘एलसीपी टर्मिनेटेड बाय पीअर’ असेल, तर सर्व्हरने रीतसर निरोप घेतला. बराच वेळ काही हालचाल नसेल किंवा इंटरनेटच्या खात्यातले तास संपले असतील. तिसरी ओळ ‘नो रिस्पॉन्स टू ४ एको-रिक्वेस्ट्स’. सांगून ठेवलं असेल तर पीपीपीडी ठरावीक सेकंदांनी पलीकडे "आहेस का?" म्हणून विचारत राहतो आणि चार हाका वाया गेल्या की स्वतःच फोन ठेवतो. अशा वेळी सूर चालू असतो, पण त्यातून मजकूर पोचत नसतो.

आमच्याकडे दर वेळी पहिलीच ओळ यायची.

एका हाताने रिसीव्हर उचलला, एक आकडा दाबला म्हणजे डायल टोन थांबतो, आणि त्या शांततेत कान लावला. तळणीत पाणी पडल्यासारखा तडतड आवाज येत होता. बोलताना तो जाणवत नाही, कारण आपला मेंदू अर्धवट ऐकलेला शब्द पुरा करून घेतो. मॉडेमला ती सोय नाही.

टेलिफोन एक्स्चेंज फोनवरच्या आवाजातला सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टाच पुढे सोडतं आणि तो आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं, प्रत्येक मोजणी ८ बिटांची. १९९८ साली आलेल्या व्ही.९० पद्धतीने याच मोजणीचा फायदा घेतला. त्यातले ७ बिट भरवशाचे धरले, की ८००० गुणिले ७, म्हणजे सेकंदाला ५६००० बिट. जाहिरातीतला ‘५६ के’ तो हाच, आणि तोही फक्त आपल्याकडे येणाऱ्या दिशेने. त्यासाठी मॉडेमला तारेवरच्या विद्युतदाबाच्या शंभरावर पायऱ्या वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. खालच्या पायऱ्या तर एकमेकींना अगदी खेटून. जराशी तडतड झाली, की कुठली पायरी ते कळत नाही. मग दोन्ही मॉडेम थांबून पुन्हा सूर जुळवतात, वेग उतरवतात, आणि तरीही जमलं नाही तर सोडून देतात.

म्हणून लाईनमन येईपर्यंत मी मॉडेमला एटी+एमएस ही आज्ञा देऊन जुन्या व्ही.३४ पद्धतीवर बांधून ठेवलं. वेग ३३.६ केच्या वर जाणार नाही, पण घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालावी तशी जोडणी दम धरून राहिली. हा उपाय मी आजही सगळ्यात आधी सांगेन.

आतल्या कार्डाचं मॉडेम असेल तर मात्र दुसराही संशय घ्यावा. त्यातल्या बऱ्याच ‘विनमॉडेम’मध्ये सुरांचं गणित संगणकाच्या प्रोसेसरलाच करावं लागतं, तो दुसऱ्या कामात गुंतला की इकडे सूर हुकतो. संगणकाच्या सीरियल पोर्ट नावाच्या खाचेला लावलेलं बाहेरचं मॉडेम त्या मानाने गुणी. तिथे पोर्टची चिप तेवढी तपासावी. जुनी ८२५० एका वेळी एकच बाइट धरून ठेवते, १६५५०ए सोळा. पोर्ट सेकंदाला ११५२०० बिट वेगाने चालत असेल तर दर ८७ मायक्रोसेकंदांना एक नवा बाइट दारात येतो. तो उचलायला उशीर झाला, की गेला. आणि फोनवर कॉल वेटिंग असेल तर ते बंद करावं, त्याची पिपाणीसुद्धा जोडणी तोडू शकते.

लाईनमनकाकांनी भिंतीवरचा डबा उघडला, तेव्हा आतला सांधा हिरवागार होता. तारेवर एक्स्चेंजचा ४८ व्होल्टचा दाब कायम असतो. सांध्यात ओल शिरली की त्यातून थोडा थोडा प्रवाह झिरपतो आणि तांबं खात राहतो. ही झीज कमी व्हावी म्हणूनच एक्स्चेंजच्या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. काकांनी तारा खरवडून चकचकीत केल्या, नवा पीळ दिला, वर टेप गुंडाळली.

त्या रात्री बाहेर धो धो कोसळत असताना जोडणी पावणेदोन तास टिकली. लॉगमधली शेवटची ओळ होती ‘टर्मिनेटिंग ऑन सिग्नल १५’. आईला मावशीशी बोलायचं होतं, म्हणून फोन मीच ठेवला होता.