वर लेक, खाली बाप

आवर्तसारणीच्या पाचव्या गणात नायोबियम आणि टँटलम एकाखाली एक बसले आहेत. अणुक्रमांक ४१ आणि ७३. ग्रीक पुराणकथांत नायोबी ही टँटलसची मुलगी. पुराणातली नावं मूलद्रव्यांना देण्याची रीत जुनीच आहे. पण जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांनी १७९५ मध्ये टायटॅनियम हे नाव निवडलं, ते त्या धातूच्या गुणांविषयी काहीच सांगत नाही म्हणून. या बापलेकीचं तसं नाही. त्यांच्या नावांत प्रयोगशाळेतला अनुभव उतरला आहे, म्हणून मला ही जोडी सगळ्यांत जवळची वाटते.

टँटलस हा देवांच्या पंगतीला बसणारा राजा. त्याने पोटच्या पोराला, पेलॉप्सला मारून त्याचं मांस देवांनाच वाढलं. त्याची शिक्षा अशी की पाताळात तो हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे, पण प्यायला वाकला की पाणी ओसरतं. डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या आहेत, पण हात उंचावला की वारा त्या दूर नेतो.

१८०२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात आंडर्स एकेबर्ग फिनलंडमधलं आणि इटर्बी गावचं खनिज तपासत होते. त्यातून मिळालेली ऑक्साइडची पांढरी भुकटी त्यांनी आम्लात टाकली. आम्ल कितीही ओतलं तरी भुकटी त्यातलं काही घेईना. सभोवती सगळं असून काहीच न मिळणारा टँटलस त्यांना आठवला आणि मूलद्रव्याचं नाव ठरलं टँटलम.

पण त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स हॅचेट यांनी अमेरिकेतून आलेल्या एका खनिजात नवं मूलद्रव्य ओळखून त्याला कोलंबियम म्हटलं होतं. मग ही दोन मूलद्रव्यं की एकच? १८०९ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ वोलॅस्टन यांनी निकाल दिला: एकच. गंमत म्हणजे दोन्ही खनिजांच्या घनतेत मोठा फरक त्यांना दिसला होता, एकाची पाण्याच्या सहापटीच्या आसपास, दुसऱ्याची आठपटीच्या. तरीही रासायनिक वागणूक इतकी सारखी, की त्यांनी घनतेचा पुरावा बाजूला ठेवला. हे मत पुढची पस्तीस वर्षं टिकलं.

१८४४ मध्ये बर्लिनचे हाइनरिश रोझ यांनी बव्हेरियातल्या खनिजात टँटलमहून निराळं मूलद्रव्य असल्याचं दाखवलं. टँटलमपासून सुटता सुटत नाही, त्याला दुसरं कोणतं नाव द्यायचं? नायोबियम! आणखी एक मूलद्रव्य सापडल्यासारखं वाटलं, तर त्याला मुलाच्या नावावरून पेलोपियम म्हटलं. हे पेलोपियम मात्र पुढे खोटं ठरलं. कथेतली नायोबी आपल्या चौदा मुलांचा तोरा मिरवते, अपोलो आणि आर्टेमिस ती सगळी मारतात आणि रडता रडता तिचा दगड होतो. त्या दुःखाचा धातूशी काही संबंध नाही. इथे नातं तेवढं कामाचं.

बापलेकीला खऱ्या अर्थाने वेगळं केलं जिनिव्हाच्या मारिन्याक यांनी, १८६६ मध्ये. त्यांनी दोघांना हायड्रोफ्लोरिक आम्लात (या आम्लापुढे टँटलमही नमतं) विरघळवून पोटॅशियम फ्लोराइड घातलं. टँटलमचा दुहेरी क्षार, म्हणजे पोटॅशियमसह बनलेला क्षार, पाण्यात फार थोडा विरघळतो, त्याचे सुईसारखे स्फटिक आधी खाली बसतात. नायोबियमचा क्षार बराच जास्त विरघळतो, तो द्रावणातच राहतो. फरक आहे तो एवढाच, पण पुन्हा पुन्हा स्फटिक पाडत गेलं की पुरतो.

इतकं साम्य का, याचं उत्तर विसाव्या शतकात अणुरचना कळल्यावर मिळालं. टँटलमचा अणू नायोबियमच्या जवळजवळ दुप्पट जड, तेव्हा तो आकारानेही मोठा असायला हवा. पण मध्ये लॅन्थेनाइड मूलद्रव्यांची (अणुक्रमांक ५७ ते ७१) रांग येते. त्या रांगेत आतल्या कक्षेत भरणारे चौदा इलेक्ट्रॉन केंद्रकाचं आकर्षण नीट झाकू शकत नाहीत. त्यामुळे बाहेरचे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात आणि टँटलमचा अणू आक्रसून नायोबियमएवढाच राहतो. आकार सारखा, बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून वागणूकही सारखी.

आम्लाला दाद न देण्याचा टँटलमचा हट्ट आज उपयोगी पडतो. शरीरातल्या द्रवांचाही त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून तो हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरतात. त्याच्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरावर इलेक्ट्रॉनिक उपकरणांतले छोटे कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग, चालतात. नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारा एमआरआय यंत्राच्या अतिवाहक (अतिथंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या) चुंबकात असतात. खाणीतून मात्र बापलेक अजूनही बऱ्याचदा एकत्रच निघतात, आणि त्यांना सोडवायला कारखान्यांत आजही आधी हायड्रोफ्लोरिक आम्लच लागतं.