अर्काने स्नायू सैलावतो, पण कोणत्या वाटेने?

सशाच्या लहान आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या क्षारद्रावणात टांगला आणि खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडत राहिले, की शरीराशी काहीही संबंध उरलेला नसतानाही तो बराच वेळ स्वतःच्या लयीत आखडत आणि सैलावत राहतो. जर्मन औषधशास्त्रज्ञ रुडोल्फ माग्नुस यांनी १९०४ मध्ये ही पद्धत मांडली. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत पूर्वी या तुकड्याला दोऱ्याने तरफ जोडत आणि तिचे टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर आकुंचनाची रेघ ओढत असे. आता तेच काम संवेदक आणि संगणक करतात. अशा द्रावणात ओव्याच्या बियांचा अर्क पुरेशा प्रमाणात टाकला, की रेघेचे चढउतार हळूहळू लहान होत जातात आणि शेवटी ती सपाट होते. स्नायू सैलावला एवढे यातून दिसते. तो कशामुळे सैलावला, हा प्रश्न मात्र येथून पुढे सुरू होतो, आणि औषधी वनस्पतींबद्दल लिहिताना तोच बहुतेक वेळा सोडून दिला जातो.

आतडी, श्वासनलिका, रक्तवाहिन्या, मूत्रनलिका आणि गर्भाशय यांच्या भिंतींत असलेल्या या स्नायूंना मृदू स्नायू म्हणतात. हातापायांच्या स्नायूंप्रमाणे ते आपल्या इच्छेने हलत नाहीत, पण त्यांच्याही आकुंचनाचा कळीचा घटक कॅल्शिअमच आहे. स्नायू शांत असताना पेशीच्या आतील द्रवात मुक्त कॅल्शिअम इतके कमी असते, की बाहेर त्याचे प्रमाण सुमारे दहा हजार पट भरते. पेशीपटलावरील मार्गिका उघडल्या किंवा पेशीतील साठ्यांतून कॅल्शिअम सुटले, की ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. ही जोडी एका विकराला (एन्झाइमला) कार्यरत करते, ते विकर मायोसिन या प्रथिनावर फॉस्फेट बसवते आणि मग मायोसिन अ‍ॅक्टिनचे धागे ओढू लागते. दुसरे एक विकर हे फॉस्फेट काढून टाकत असते. स्नायू किती आखडलेला राहणार, हे या दोन विकरांपैकी कोणाचे पारडे जड आहे यावर ठरते. याचाच अर्थ असा, की स्नायू सैल करण्याच्या वाटा अनेक आहेत: आखडण्याचा संदेश तो टिपणाऱ्या पेशीवरील ग्राहीपाशीच अडवता येतो, कॅल्शिअमची मार्गिका बंद करता येते, पोटॅशिअमच्या मार्गिका उघडून पेशी शांत ठेवता येते, किंवा पेशीच्या आतील रासायनिक तोल बदलता येतो.

यांपैकी अर्काने कोणती वाट धरली, हे ओळखण्याची प्रयोगशाळेतील युक्ती साधी आहे आणि मला ती फार देखणी वाटते. द्रावणातील पोटॅशिअम नेहमीच्या काही मिलिमोलवरून ८० मिलिमोलपर्यंत वाढवले, की पेशीपटलावरील विद्युतभार घसरतो, कॅल्शिअमच्या मार्गिका उघडतात आणि स्नायू आखडून तसाच राहतो. आता अर्क टाकल्यावर तो सैलावला, तर कॅल्शिअमचा प्रवेश अडला असण्याची शक्यता मोठी असते. याउलट, अर्क २५ मिलिमोल पोटॅशिअमने आलेले आकुंचन घालवत असेल, पण ८० मिलिमोलपुढे निष्प्रभ ठरत असेल, तर तो पोटॅशिअमच्या मार्गिका उघडत असावा. पुढची पायरी म्हणजे द्रावणातून कॅल्शिअम पूर्ण काढून टाकायचे आणि मग ते थोडे थोडे परत घालत आकुंचन मोजायचे. कराचीच्या आगा खान विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये ओव्याच्या अर्कावरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले. पोटॅशिअमने आलेले आकुंचन अर्काने घालवले, आणि अर्काच्या उपस्थितीत तेवढ्याच आकुंचनासाठी जास्त कॅल्शिअम लागू लागले. रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या व्हेरापामिल या औषधाचे वर्तनही असेच असते. पोटात कळ आली की ओवा चावून खाण्याच्या आपल्या घरगुती प्रथेला त्यातून एक संभाव्य यंत्रणा मिळाली.

धोतऱ्याची वाट अगदी वेगळी आहे. त्यातील अ‍ॅट्रोपिन आणि हायोसिन ही द्रव्ये मज्जातंतूचा निरोप वाहून नेणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनच्या ग्राहीवर जागा अडवून बसतात, त्यामुळे मज्जातंतूकडून आलेला आखडण्याचा संदेश पेशीपर्यंत पोहोचतच नाही. मात्र हेच ग्राही लाळग्रंथींत, डोळ्यांत, हृदयात आणि मेंदूतही असल्याने तोंड कोरडे पडणे, नाडी वेगाने चालणे, भ्रम होणे आणि प्रसंगी मृत्यू येणे हे सारे त्याच यंत्रणेचे परिणाम असतात. म्हणून धोतऱ्याचा घरगुती प्रयोग कोणीही करू नये. पोटातील पेटक्यांवर आज वापरले जाणारे हायोसिन ब्युटिलब्रोमाइड हे मूळ रेणूत असा बदल करून बनवले आहे, की ते मेंदूत सहजासहजी शिरत नाही.

सर्वांत विलक्षण कहाणी मात्र माईनमुळ्याची आहे. ओव्यासारख्या वासामुळे आपण ज्याला ओवापान म्हणतो, त्याच्याच कोलियस या प्रजातीतील ही वनस्पती असून तिच्या मुळांचे लोणचे महाराष्ट्रात घातले जाते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात भारतीय वनस्पतींची मोठी चाळणी केली, तेव्हा या मुळांच्या अर्कात रक्तदाब उतरवणारा आणि स्नायूंचे आकडे सोडवणारा गुण आढळला, आणि त्यामागच्या द्रव्याला कोलिओनॉल हे नाव मिळाले. त्याच सुमारास मुंबईत मुलुंडला हेक्स्ट या जर्मन औषधकंपनीच्या संशोधन केंद्रातही याच वनस्पतीवर काम चालू होते. तेथे वेगळा काढलेला रेणू फोर्सकोलिन या नावाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला वेगळी मानली गेलेली ही दोन द्रव्ये एकच असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

फोर्सकोलिन ग्राहीला हातच लावत नाही. १९८१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की ते पेशीपटलाच्या आतील बाजूस असलेल्या अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला थेट चालना देते. या विकरामुळे पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो. तो वाढला, की मायोसिनवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराची कॅल्मोड्युलिनशी असलेली जवळीक कमी होते, कॅल्शिअम साठ्यांत परत ओढले जाते आणि स्नायू सैलावतो. दम्याच्या फवाऱ्यातील साल्ब्युटॅमॉलही शेवटी याच सायक्लिक एएमपीपर्यंत पोहोचते, पण ते ग्राहीच्या दारातून जाते. हृदयाच्या स्नायूत मात्र याच सायक्लिक एएमपीने आकुंचनाचा जोर वाढतो, त्यामुळे एकच रेणू रक्तवाहिन्या रुंदावतो आणि त्याच वेळी हृदयाचे ठोके जोरकस करतो. फोर्सकोलिनपासून बनवलेले, पाण्यात विरघळणारे कोलफोर्सिन डॅरोपेट हे औषध जपानमध्ये हृदयाच्या तीव्र अपयशासाठी वापरात आले ते या दुहेरी गुणामुळे. पेशींतील संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत फोर्सकोलिन आज नित्याचे रसायन आहे. बाजारात मात्र ते वजन घटवणाऱ्या गोळ्या म्हणून खपवले जाते, आणि त्या दाव्यामागचा पुरावा तुटपुंजा आहे. आपल्या मातीतल्या मुळाने विज्ञानाला इतके मोठे साधन दिले असताना लोकांपर्यंत त्याची ही जाहिरातच पोहोचावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. टांगलेल्या आतड्यावर अर्क थेट ओतलेला असतो. माणसाने गिळलेला अर्क आधी पचनमार्गात बदलतो, मग यकृतात त्याची मोडतोड होते आणि श्वासनलिकेपर्यंत किंवा रक्तवाहिनीपर्यंत त्यातील किती अंश पोहोचेल हे त्यानंतर ठरते. आतड्याला हा अडथळा तुलनेने कमी लागू पडतो, आणि पुदिन्याच्या एका जातीच्या तेलाचे कॅप्सूल आतड्याच्या क्षोभविकारात (आयबीएस) उपयोगी ठरले आहेत त्यामागचे एक कारण हेच आहे. तेथेही कॅप्सूलवर जठरात न विरघळणारे आवरण लागते, कारण तेल जठरातच सुटले तर अन्ननलिकेच्या तळाची झडप सैलावून छातीत जळजळ होते.

शिवाय अर्क म्हणजे एक रेणू नव्हे. आल्याच्या अर्कात आतड्याला चेतवणारे आणि सैलावणारे असे दोन्ही घटक प्रयोगांत आढळले आहेत, आणि मात्रेनुसार कोणाचा प्रभाव दिसेल हे बदलते. अडुळशाच्या बाबतीत तर अवयवागणिक फरक पडतो. त्याच्या पानांतील व्हॅसिसिनचा श्वासनलिका रुंदावणारा गुण अभ्यासला गेला आहे आणि कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन याच रेणूच्या धर्तीवर घडवले गेले, पण गर्भाशयाच्या स्नायूला हेच व्हॅसिसिन आखडायला लावते. म्हणून गरोदरपणात खोकल्यासाठी अडुळशाचा काढा किंवा सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.